हिरवा मणी, लाल मणी

रामगढ म्हटलं की गब्बर, जय-वीरू आणि ते मोठमोठे गोल खडक डोळ्यांपुढे येतात. 'शोले'चं रामगढ म्हणजे प्रत्यक्षात बंगळूरजवळचं रामनगरम. १९७३ मध्ये तिथे कॅमेरे लागले, पण त्याच्या वीसेक वर्षं आधी त्याच गावात भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटनेने मिळून एक वेगळाच प्रयोग केला होता. गावातल्या बायकांना मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. माळेत अठ्ठावीस मणी. पाळी आली की पहिल्या मण्यापासून सुरुवात करायची आणि रोज एक मणी पुढे सरकवायचा. हिरवा मणी आला तर नवऱ्याजवळ जायला हरकत नाही. लाल आला तर त्या रात्री लांब राहायचं.

पुढे काय झालं ते बऱ्याच ठिकाणी लिहिलं गेलं आहे. रात्री अंधारात हिरवा कुठला आणि लाल कुठला ते कळेना, म्हणून हाताने चाचपून समजावं यासाठी मण्यांचे आकार वेगळे केले. मणी सरकवायचा राहून जायचा. घरातली पोरं माळेशी खेळायची. काहींना ती माळ ताईतासारखी वाटली, म्हणजे मणी सरकवला की झालं, मूल राहणार नाही. प्रयोग फसला आणि लोकसंख्येच्या इतिहासात तो एक विनोदी किस्सा म्हणून उरला. अडाणी बायका, हुशार डॉक्टर, असा त्या किश्शाचा सूर असतो. मला त्यात हसण्यासारखं फारसं काही दिसत नाही.

शिरूर कासारसारख्या तालुक्यातून या किश्शाकडे पाहिलं तर तर अजिबातच नाही. बीड जिल्ह्यातला, सिंदफणेच्या काठचा, पावसाचा भरवसा नसलेला हा तालुका. दसरा-दिवाळी झाली की इथून घरंच्या घरं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. दोघांतलं एक जण कामावर आलं नाही की खाडा, तोही कोयत्याच्याच नावावर. तोडलेल्या टनांचा, उचलीचा, खाड्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. बाईच्या महिन्याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. त्या न मांडलेल्या हिशेबाचं काय झालं ते २०१९ मध्ये बाहेर आलं. तिथे येऊच. पण त्याआधी दिवस मोजण्याचा इतिहास बघू, कारण तो मोठा गमतीचा आहे आणि त्यातला बराचसा चुकीचा आहे.

आधी शरीराचं गणित. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस. पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीजकोशातून बीज सुटतं. ते जगतं बारा ते चोवीस तास. पुरुषाचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे गर्भ राहू शकेल असे दिवस महिन्याला साधारण सहा: बीज सुटतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. मेख अशी की मोजायचं असतं पुढच्या पाळीपासून मागे, आणि पुढची पाळी कधी येणार ते आधी कळत नाही. चक्र अठ्ठावीस दिवसांचं असेल तर चौदावा दिवस, पस्तीस दिवसांचं असेल तर एकविसावा. सगळी भानगड इथेच आहे.

आपल्याकडे मनुस्मृतीने ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितला, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. सुश्रुतसंहितेत तो बारा रात्रींचा आहे आणि सोबत एक सुंदर उपमा आहे: दिवस मावळला की कमळ मिटतं, तसा ऋतू संपला की स्त्रीचा गर्भमार्ग मिटतो. म्हणजे पाळी संपल्या संपल्या जमीन सर्वांत सुपीक आणि मग ती हळूहळू बंद होत जाते, अशी समजूत. ती अगदीच टाकाऊ नाही. सोळा रात्रींच्या त्या पट्ट्यात बऱ्याच जणींचे खरे सहा दिवसही येतात. पण हे मोजणं मूल टाळण्यासाठी नव्हतं. मूल व्हावं, आणि ते मुलगाच व्हावा, यासाठी होतं. सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी, हेही मनुस्मृतीतच आहे. २०२० मध्ये एका लोकप्रिय कीर्तनकारांनी नेमकं हेच कीर्तनात सांगितलं, त्याचा व्हिडिओ फिरला आणि प्रकरण कोर्टात गेलं. बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या एक हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. सम-विषम मोजून तो आकडा आलेला नाही, त्याला सोनोग्राफी लागली. पण दोन्हींमागची इच्छा एकच.

'कावळा शिवला' की बाई तीन दिवस बाजूला बसायची आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायची. अजूनही पुष्कळ घरांत असंच आहे. याचा एक विचित्र परिणाम असा की तिची तारीख सासूला, जावेला, दिराला, शेजारणीला, सगळ्यांना माहीत असते. त्या तारखेचं पुढे काय करायचं हे तिला स्वतःला मात्र कुणी सांगितलेलं नसतं.

याबाबतीत युरोपातल्या डॉक्टरांनी आपल्याला हसावं अशी परिस्थिती नव्हती. १८४० च्या दशकात पूशे आणि रासिबोर्स्की यांच्यासारख्या नामांकित वैद्यकतज्ज्ञांनी बाईच्या पाळीची तुलना जनावरांच्या माजाशी केली आणि निष्कर्ष काढला की बीज पाळीच्या आसपासच सुटत असणार. मग महिन्याचा मधला काळ निर्धास्त! पुढची कित्येक दशकं मूल नको असलेल्या जोडप्यांना डॉक्टर हाच सल्ला देत राहिले. नेमक्या त्याच दिवसांत गर्भ राहतो. त्या सल्ल्यापायी किती पाळणे हलले असतील याची नोंद कोण ठेवणार?

कोडं सुटलं १९२० च्या दशकात. जपानमध्ये निगाता इथल्या क्यूसाकू ओगिनो यांनी १९२४ मध्ये मांडलं की बीज पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस आधी सुटतं. ऑस्ट्रियातल्या हेर्मान क्नाउस यांनी थोड्याच वर्षांत स्वतंत्रपणे जवळपास तेच सांगितलं. मूल टाळण्यासाठी आपलं गणित वापरलं जावं हे ओगिनोंना स्वतःला पसंत नव्हतं, ते त्यांना भरवशाचं वाटत नव्हतं. पण साधनं पाप मानणाऱ्या कॅथलिक जगाला हे गणित देवाने धाडल्यासारखं वाटलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी सुरक्षित काळाच्या पद्धतीला उघड मान्यता दिली. १९६८ च्या 'ह्युमाने विते' या धर्मपत्राने गोळ्या आणि साधनं नाकारून हाच एक मार्ग मोकळा ठेवला.

मराठीत या विषयावर पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्र निघालं तेही त्याच वर्षी. १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्रह्मचर्य पाळा, हा उपदेश कर्व्यांना मुळातच मान्य नव्हता. संयमाचे गोडवे पुरुष गातात आणि बाळंतपणं बायका काढतात, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांचा भर साधनांवर होता.

वर्ध्याला याच्या उलट टोकाचा माणूस बसला होता. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. मुलं कमी असावीत यावर दोघांचं एकमत, पण उपायावर मुळीच नाही. गांधीजींचं म्हणणं, साधनं नकोत, बायकांनी नवऱ्याला 'नाही' म्हणायला शिकावं. सँगरबाईंना हे अशक्य कोटीतलं वाटलं. महादेवभाई देसाईंनी ही भेट 'हरिजन'मध्ये लिहून ठेवली आहे आणि तीत एक छोटीशी कबुली आहे: सुरक्षित काळाची पद्धत आपल्याला इतर साधनांइतकी खटकत नाही, असं गांधीजी म्हणाले, कारण धोक्याच्या दिवसांत तरी तिथे संयम लागतोच.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने द्याव्यात असा ठराव मांडला. भाषण आंबेडकरांनी तयार केलेलं. त्यातला एक युक्तिवाद आजही थांबून वाचावासा वाटतो: बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा जास्त मुलाला कुणी तयारच झाला नसता. ठराव पडला. शिरूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे ठराव पास झाला असता तरी इथल्या बाईला त्याचा उपयोग नव्हता. मुंबईच्या बातम्या बालाघाट चढून इथे यायला वेळच लागायचा.

गांधीजींच्या त्या छोट्या कबुलीतून रामनगरमची माळ निघाली, असं म्हटलं तर फार ताणल्यासारखं होणार नाही. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या निकटच्या सहकारी. साधनांना त्यांचा विरोध होता. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले. कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम करणारा भारत हा जगातला पहिला देश. पण पद्धत कुठली? अमृत कौर यांना चालेल, पैसे लागणार नाहीत आणि जागतिक आरोग्य संघटनेतले कॅथलिक देश फार आरडाओरडा करणार नाहीत अशी पद्धत एकच होती. न्यूयॉर्कचे डॉ. अब्राहम स्टोन सल्लागार म्हणून आले. एका बाजूला दिल्लीची लोदी कॉलनी, म्हणजे शिकलेले सरकारी नोकर. दुसऱ्या बाजूला रामनगरम आणि आसपासची खेडी.

आता त्या माळेकडे पुन्हा बघा. अठ्ठावीस मणी, म्हणजे सगळ्यांचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं धरलेलं. अंगावर पिणारं मूल असलेली, अर्धपोटी राहणारी, उन्हात राबणारी बाई दर महिन्याला तारखेला तारीख कशी मिळवणार? आणि समजा मिळवली. लाल मणी तिच्या हातात आहे, पण निर्णय तिच्या हातात आहे का? माळेतल्या प्रत्येक लाल मण्यामागे वर्ध्यातला तो प्रश्न तसाच उभा होता. माळ बायकांना दिली. 'नाही' ऐकून घ्यायला नवऱ्यांना शिकवणारी माळ कुणी बनवली नाही.

खरं तर खेड्यांत जी नैसर्गिक पद्धत चालत होती ती वेगळीच होती, आणि तिला कुणी पद्धत म्हणत नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, तेही काही महिने. मूल दोन-दोन वर्षं अंगावर पाजायचं. बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, पाळी परत आलेली नसेल आणि बाळ फक्त आईच्याच दुधावर असेल तर पुन्हा दिवस राहण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते, हे १९८८ मध्ये इटलीत बेलाजिओला जमलेल्या तज्ज्ञांनी नक्की केलं. आजीला आकडा माहीत नव्हता, पण अंगावर पितं मूल असताना लवकर दिवस जात नाहीत हे माहीत होतं. उसाच्या फडात हे गणितही मोडतं. पहाटे निघालेली आई तान्ह्याला कोपीवर मोठ्या बहिणीच्या स्वाधीन करून जाते. पाजण्यात सहा-सात तासांचं अंतर पडतं.

रामनगरमनंतर सरकारने मोजण्याचा नाद सोडला आणि उद्दिष्टांचा धरला. साठच्या दशकात तांबी नव्हे, तिच्या आधीचा 'लूप' आला, मग नसबंदीची शिबिरं. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तिसऱ्या मुलानंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. आणीबाणीनंतर पुरुषांच्या नसबंदीला जो धसका बसला तो आजतागायत गेलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं दिसतं. पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही भरत नाही. मधल्या काळात गोळ्यांचं सरकारी पाकीट आलं, माला-एन. त्यातही अठ्ठावीसच, एकवीस संप्रेरकांच्या आणि सात लोहाच्या. माळ गेली तरी नाव आणि आकडा उरला, हा योगायोगच.

ऑपरेशनने मूल थांबतं, पाळी थांबत नाही. शिरूर, पाटोदा, केज, धारूर, वडवणी या पट्ट्यातली गोष्ट इथून पुढे सुरू होते. लग्न अठराच्या आत, विशीत दोन-तीन मुलं, मग ऑपरेशन. त्यानंतर फडात पाळीच्या दिवसांत पोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं. कोपीपाशी संडास नसतो, धुवायला पाणी नसतं, कापड वाळवायला आडोसा नसतो. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं असतं. एक दिवस घरी राहिलं तर खाडा, पाचशे रुपये नाहीतर जास्त. गावाकडे आल्यावर डॉक्टर विचारतो, मुलं झाली ना? मग पिशवीचा उपयोग काय? ठेवली तर कॅन्सर होईल. आणि ती पिशवी काढून येते. कित्येकदा त्या ऑपरेशनचे पैसेही उचलीतून.

२०१९ मध्ये याचा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक. चाळिशी न गाठलेल्या कितीतरी. त्यानंतर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

यातली एक गोष्ट मनातून जात नाही. दिवस ओळखण्याची जी आधुनिक पद्धत आहे, ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याच्या नावाने ओळखली जाणारी, तिचा सगळा आधार अंगावरून जाणाऱ्या स्रावावर आहे. बीज सुटायच्या सुमारास तो अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, निसरडा आणि ताणला जाणारा होतो. बाकीच्या दिवसांत घट्ट असतो किंवा नसतोच. ही शरीराने दिलेली खबर आहे. खाज, वास, हिरवट-पिवळा रंग असेल तर तो संसर्ग, आणि त्यावर बहुतेक वेळा साध्या गोळ्या असतात. हा फरक कुणी समजावून सांगितला असता तर किती पिशव्या वाचल्या असत्या, सांगता येत नाही. 'पांढरं जातंय' या दोन शब्दांवर ऑपरेशनं झाली आहेत. युरोप-अमेरिकेत शिकलेल्या बायका जो स्राव वहीत नोंदवतात, तोच इथे आजार ठरला.

म्हणून ही पद्धत शिरूरला नेऊन लावावी, असं माझं म्हणणं मुळीच नाही. तापमानाच्या पद्धतीला सलग झोप आणि रोज ठरावीक वेळेला उठणं लागतं. रात्री-अपरात्री ट्रक भरायला उठवल्या जाणाऱ्या बाईला थर्मामीटर देणं ही थट्टा होईल. स्राव बघायचा तर संसर्ग नसावा लागतो. आणि नवऱ्याने ऐकावं लागतं. जिला मूल नकोच आहे तिने तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी किंवा निरोध यांतलं काही निवडावं, हेच शहाणपणाचं. पण गर्भनिरोधक म्हणून पद्धत कमकुवत आहे, एवढ्यावरून तिच्यातलं ज्ञानही तिच्यापासून लांब ठेवायचं? राष्ट्रीय पाहणीत बायकांना विचारतात, महिन्यात दिवस राहण्याची शक्यता सर्वांत जास्त कधी? दोन पाळ्यांच्या मधोमध, हे बरोबर उत्तर देणाऱ्या दर वेळी थोड्याच निघतात. पाळी संपल्या संपल्या, असं म्हणणाऱ्या भरपूर. सुश्रुताचं कमळ अजून मिटतंय आणि उमलतंय.

माळ मात्र परत आली. साधारण २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाने नवी माळ काढली. या वेळी मणी बत्तीस. एक लाल, पाळीचा पहिला दिवस. आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे पांढरे, जपून राहायचे. बाकीचे तपकिरी. ज्यांचं चक्र सव्वीस ते बत्तीस दिवसांत बसतं त्यांनीच वापरायची, असा स्पष्ट नियम. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समध्ये घेतलेल्या चाचणीत वर्षभर काटेकोर वापरणाऱ्या शंभर जणींत पाचेक जणींना दिवस राहिले, प्रत्यक्षात बायका जशा वापरतात तशा वापरात बाराजणींना. भारतात उत्तर प्रदेश-झारखंडकडे ती 'मालाचक्र' म्हणून पोहोचली. आणि तिचे पांढरे मणी अंधारात चमकतात. रामनगरमच्या बायकांची तक्रार पन्नास वर्षांनी का होईना, कुणीतरी ऐकली.

तुमच्यापैकी अनेकींच्या फोनमध्ये आज हीच माळ अ‍ॅपच्या रूपात आहे. गुलाबी गोळे, हिरवे दिवस. त्यातली बरीच अ‍ॅप्स ओगिनोचंच गणित करतात: मागच्या तारखांची सरासरी काढून पुढचा अंदाज. तो अंदाजच असतो. त्यावर विसंबून गर्भनिरोध करणं म्हणजे अठ्ठावीस मण्यांच्या माळेवर परत जाणं. आणि वही कुणाची, हा प्रश्न इथेही सुटत नाही. २०२१ मध्ये 'फ्लो' या लोकप्रिय अ‍ॅपला अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली, कारण बायकांच्या पाळीची माहिती फेसबुक आणि इतर कंपन्यांना गेल्याचा आरोप होता.

अ‍ॅप उघडलं की पहिला प्रश्न येतो, शेवटची पाळी कधी आली होती? सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून आत गेल्यावरही हाच प्रश्न येतो. खेड्यातली बाई त्याचं उत्तर तारखेत देत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणते. घट बसले त्याच्या आदल्या सोमवारी. गाडीत सामान भरलं त्या रात्री. सिस्टर मग भिंतीवरचं कालनिर्णय उलटं चाळत जाते आणि तो सोमवार सापडला की त्यावर बोट ठेवून तारीख कागदावर लिहिते.